सरोजबाईंची रविवारची दुपार

धारूरला कुणी सरोजबाईंना ‘बिचारी’ म्हटलं की माझं डोकं फिरायचं. ज्या बाईनं नवऱ्यानं केलेला नवस देवीच्या दारात, चारचौघांसमोर बदलून घेतला, ती बिचारी? मग मी कोण? मी धडधाकट, माझा नवरा पुण्यात कंपनीत, महिन्यातून दोनदा धुवायचे कपडे पिशवीत भरून घरी येणारा. पण माझं राहू दे. मला सरोजबाईंबद्दल सांगायचंय.

आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि मी विज्ञान. त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून मी भाड्यानं राहायचे. ठेंगणी, गव्हाळ, ठसठशीत कुंकवाची बाई. आवाज असा खणखणीत की त्यांनी वर्गात दम दिला की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा हाताची घडी घालायची. त्यांना आमवात होता. चाळिशीच्या आतच लागलेला. मनगटं सुजलेली, बोटं एका बाजूला कललेली, गुडघे कधी साथ देतील याचा नेम नाही. बारका खडू बोटांत धरवेना, म्हणून त्यांनी पाण्याच्या नळीचा तुकडा कापून त्यात खडू खोचला होता. त्या जाड नळीनं त्या फळ्यावर असं सुबक वर्तुळ काढायच्या की आम्ही बघत राहायचो.

पोरं म्हणायची, “बाई, फळा आमी पुसतो.” त्या विचारायच्या, “कावून?” कावून म्हणजे का, हा त्यांचा लाडका शब्द. गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी कावून, चुकलं तरी कावून. हेडमास्तरांनी सकाळचा पहिला तास दिला तेव्हा त्या सरळ त्यांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, “सर, सकाळी माझं अंग लाकूड असतंय. पहिल्या तासाला मी नुसती हजर राहीन. दुपारचे तास द्या, मग शिकवते.” हेडमास्तरांनी मुकाट्यानं वेळापत्रक बदललं.

खुर्चीतून उठताना त्या टेबलाला सांगायच्या, “धर रे बाबा.” आणि खरंच टेबल धरून उठायच्या. दुखणं लपवायच्या नाहीत आणि त्याचं कौतुकही करायच्या नाहीत. मात्र नटायची भारी हौस. दंड वर जायचा नाही, म्हणून रोज सकाळी शाळेच्या फाटकात मला थांबवून पाठ करायच्या आणि म्हणायच्या, “माळ गं एवढा.” मी अबोलीचा गजरा माळायचे. आमच्यातल्याच एका बाईंनी एकदा नाक मुरडलं, “एवढ्या दुखण्यात हे कशाला बाई?” सरोजबाई म्हणाल्या, “सांधे दुखत्यात, हौस न्हाई दुखत.” त्या बाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

अशी ही बाई एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्यासमोर डबा न उघडता बसून राहिली. आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि एक टेबल, तिथं आम्ही दोघीच जेवायचो.

“तुझे दाजी गच्चीवर झोपायलेत,” त्या म्हणाल्या.

दाजी म्हणजे त्यांचे यजमान, दत्तूभाऊ. एसटीत कंडक्टर. उंच, सडपातळ आणि अबोल माणूस. दिवसभर गाडीत ओरडून सगळे शब्द संपतात म्हणून घरी बोलत नाहीत, असं सरोजबाई सांगायच्या. मी म्हटलं, “उकडत असेल.”

“थंडी पडलीय, बये. दोन घोंगड्या घेऊन जात्यात वर. दिवाळीच्या आधीपासनं चाललंय.” मग त्यांचा तो खणखणीत आवाज एकदम खाली आला. “मी काय गं, आता बाई राहिले न्हाई का?”

असलं कुणी बोलत नाही आमच्याकडे. पन्नाशीकडे झुकलेल्या, लेक लातूरला शिकायला ठेवलेल्या, आजारी बाईनं तर नाहीच नाही. असलं काही मनात आलं तरी ते गिळायचं, हीच रीत. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. “औषध घेते, दुखणं सोसते, ते सगळं जमतंय मला,” त्या म्हणाल्या. “पण त्यांनी हात लावायचा सोडला, हे न्हाई सोसत. बारा भाकरी करून उपाशी झोपल्यावानी वाटतंय.”

झालं होतं ते असं. दिवाळीच्या आधी एका रात्री जवळ घेताना दाजींच्या हाताखाली त्यांचा खांदा दबला आणि त्या किंचाळल्या. तेवढंच. दुसऱ्या दिवशी दाजींनी अंथरुणाची वळकटी केली आणि गच्चीवर गेले. कुणी काही बोललं नाही. सरोजबाईंनी महिनाभर वाट पाहिली. मग स्वतःला आरशात पाहिलं, बोटांकडे पाहिलं आणि नको नको ते मनात आणलं.

त्या रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. पुढच्या वेळी बीडला डॉक्टरकडे जायचं होतं तेव्हा त्यांनी दाजींनाच रजा टाकायला लावली. तिथं काय झालं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी तिघांचे आवाज काढून ऐकवलं. रक्ताचा रिपोर्ट पाहून झाला, गोळ्या लिहून झाल्या, आणि सरोजबाईंनी विचारलं, “डॉक्टर, नवरा-बायकोच्या संबंधाला या आजारात काही हरकत हाय का?”

दाजी म्हणे एकदम भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचायला लागले.

डॉक्टरीण तरुण होती. ती उठली, दार लावून आली आणि नीट बोलली. हरकत काहीच नाही म्हणाली. उलट नात्यात गोडवा राहिला तर दुखणंही सोसायला सोपं जातं. सकाळी सांधे आखडलेले असतात, तेव्हा नको. अंग मोकळं असेल अशी वेळ निवडा. आधी गरम पाण्यानं आंघोळ करा. दुखण्याची गोळी त्या बेतानं घ्या. गुडघ्याखाली उशी, कमरेखाली उशी, कुशीवर झोपून बघा, अंगावर भार नको. आणि दुखलं की लगेच सांगा, लाजू नका. “आणि हो,” दाजींकडे वळून ती म्हणाली, “प्रत्येक वेळी सगळं व्हायलाच पाहिजे असं नाही. नुसतं जवळ घेतलं तरी ते जवळ घेणंच असतं.”

“एवढं सरळ मला माझ्या आईनं बी सांगितलं न्हवतं,” सरोजबाई म्हणाल्या. त्या दिवशी डबा त्यांनी चाटूनपुसून खाल्ला. वाटलं, मिटलं सगळं.

कुठलं काय! आठवड्यानं पुन्हा तेच तोंड. दाजींनी बाजारातून दोन नव्या उशा आणल्या, पलंगावर ठेवल्या आणि स्वतः गच्चीवर गेले.

आता मात्र बाईंचा पारा चढला. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे कढीपत्ता मागायला गेले होते तर घरात रणकंदन चाललं होतं. खरं तर एकट्या सरोजबाईच बोलत होत्या. दाजी खांबाला टेकून उभे आणि सासूबाई, गयाबाई, ओसरीवर सुपात तूर पाखडत होत्या. मी मागं फिरले तर बाई म्हणाल्या, “थांब. तुझ्यापासनं काय लपलंय? अहो, हिच्यासमोर सांगा. दुसरी कोण हाय का?”

“न्हाई गं,” दाजी कळवळून म्हणाले.

“माझी किळस येती?”

“न्हाई.”

“मग कावून?”

दाजींनी खांब घट्ट धरला. “मी देवीला बोललोय.”

तुरीचं सूप थांबलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. ती किंचाळी ऐकून माणूस इतका भेदरला होता, की पहाटेच उठून डोंगरावरच्या देवीला गेला आणि नवस बोलून आला. ही पूर्ण बरी होईपर्यंत मी हिच्या अंथरुणाला शिवणार न्हाई, हिला बरी कर. आईनंच सुचवलं होतं. बायकोला सांगायचं नाही, कारण नवस बोलून दाखवला की फळत नाही असं म्हणतात. बिचारा (हो, बिचारा तो होता!) थंडीत कुडकुडत गच्चीवर पडून बायकोचे गुडघे बरे व्हायची वाट बघत होता.

सरोजबाई पलंगाच्या काठावर बसल्या. “अहो, आमवात पूर्ण बरा होत न्हाई,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलंतं. आटोक्यात ठेवायचा, एवढंच. म्हणजे तुमी मरेपर्यंत गच्चीवर.”

दाजींना हा हिशेब सुचलाच नव्हता. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. भलत्याच गावाचं तिकीट फाडून बसलेल्या कंडक्टरसारखा झाला होता. “पण आता बोललोय,” ते पुटपुटले. “मोडलं अन् तुला जास्ती झालं तर? मी काय तोंड दाखवू?”

हा माणूस हट्टी नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाला गणित सांगून उपयोग नसतो. त्यांनी सासूकडे पाहिलं. “आत्याबाई, तुमी सुचवलंत. तुमीच सांगा, बरं केलंत का?”

मला वाटलं, आता म्हातारी तोफ डागणार. गयाबाईंचं तोंड म्हणजे साधं काम नव्हतं. पण त्या सुपातल्या तुरीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “तू या घरात आलीस, त्या दिवशी ह्याच्या बापाची बाज गोठ्यात गेली. सून आली, आता सासू-सासऱ्यानं एका खोलीत झोपणं बरं दिसत न्हाई, असं आमच्यात. त्यो बी काही बोलला न्हाई, मी बी न्हाई. मरेपर्यंत गोठ्यातच झोपला. मला कोन इचारलं, गया, तुला कसं वाटतंय?”

सरोजबाईंनी आपला वाकडा हात म्हातारीच्या गुडघ्यावर ठेवला. म्हातारीनं पदरानं नाक पुसलं आणि लेकावर खेकसली, “उभा काय राहिलास खांबावानी? चल देवीला. ज्या दारात बोललास त्याच दारात जाऊन सांगू.”

मंगळवारी अर्धी रजा टाकून आम्ही चौघं रिक्षानं निघालो. मला का नेलं? साक्षीला, म्हणाल्या. देवी डोंगरावर आहे, पण ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी पायथ्याला तिच्या पादुका आहेत. दाजी म्हणाले, मी वर जाऊन येतो. बाई म्हणाल्या, “माझ्या अंथरुणाचा नवस, मी हजर पाहिजे. अन् माझे गुडघे देवीला ठाऊक हायेत. ती मला वर बोलवायची न्हाई.” पादुकांपाशी केजकडच्या बायांची रांग होती. गुरव म्हातारा, खडखडीत. आमची पाळी आली.

“काय, नवस फेडायचाय?”

“फेडायचा न्हाई, बदलायचाय,” सरोजबाई म्हणाल्या.

“कुनी केलता?”

दाजींनी हात वर केला.

“काय केलता?”

दाजी पादुकांकडे बघायला लागले. सरोजबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात गयाबाईंनी त्यांना मागं सारलं. “मी सांगते. माझ्याच डोक्यातनं निघालंतं. ही बरी होईपर्यंत बायकोजवळ झोपनार न्हाई, असं माझ्या लेकानं कबूल केलंतं. दुखणं जायचं न्हाई, असं डाक्टर म्हनत्यात. मग काय माझ्या सुनंनं जन्मभर एकटं झोपावं? देवी बी बाईच हाय ना?”

रांगेतली मागची एक बाई पदर तोंडाला लावून खुदकन हसली. दुसरी तिला म्हणाली, “हसती काय, खरंच बोलायली म्हातारी.” मला वाटत होतं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. सरोजबाई मात्र मान ताठ करून उभ्या होत्या.

गुरवानं डोकं खाजवलं. “सोडता येतंय. पण देवीपुढं बोललेलं हाय, तवा त्या जागी दुसरं कायतरी द्यावं लागंल. ह्यांनी सोडायचं. मनापासून आवडणारं.”

“तंबाखू,” सरोजबाई चटकन म्हणाल्या.

दाजींचा हात आपोआप खिशातल्या डबीकडे गेला. त्यांनी देवीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा देवीकडे पाहिलं. इतका वेळ लावला, की रांगेतल्या बायाच ओरडायला लागल्या, “अवो, ठेवा की डबी!” “बायकोपेक्षा तंबाखू गोड हाय का काय!” गुरवसुद्धा हसायला लागला. शेवटी दाजींनी डबी काढून पादुकांपाशी ठेवली आणि तसेच डोकं टेकून बसले. उठले तेव्हा डोळे लाल झाले होते. तंबाखूच्या दुःखानं नव्हते झाले, एवढं मला कळलं. गुरवानं नारळ फोडला. केजच्या त्या बायांनी सरोजबाईंना हळदीकुंकू लावलं. एकीनं तर हलकेच कानात विचारलं, “त्या डॉक्टरनीचं नाव काय हो?”

नवस सुटला म्हणून भीती थोडीच सुटते? दाजी पलंगावर आले, पण म्हणे काठावर, काचेच्या सामानाशेजारी झोपल्यासारखे. “हलायला तयार न्हाई गं माणूस,” बाई मला सांगायच्या. तोवर माझीही भीड चेपली होती. मग बाईंनीच युक्ती काढली. नवरा कंडक्टर, त्याला जी भाषा कळते तीच वापरायची. पाठीवर एक टिचकी म्हणजे थांबा. दोन टिचक्या म्हणजे चला. “सिंगल बेल, डबल बेल,” त्या म्हणाल्या आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर वाजवून दाखवलं. “बेल दिली की ब्रेक लागतोच, ही त्यांची सवय. आता त्यांना कळतंय, मी हाय बेल द्यायला. भ्यायचं कारण न्हाई राहिलं.” आम्ही दोघी इतक्या हसलो, की शिपाई काय झालं बघायला आला.

वेळही त्यांनीच ठरवली. दाजींची साप्ताहिक सुट्टी रविवारी. दुपारी जेवणानंतरच्या गोळीनं अंग सैल पडतं, आंघोळीला कडकडीत पाणी. म्हणून रविवार, दोन ते चार. आणि घरात राजरोस सांगून टाकलं, या वेळात कुणी दार वाजवायचं नाही. त्या दाराला आजवर कडीच नव्हती, ती सुताराकडून बसवून घेतली.

खरी गंमत पुढेच. राखण कुणी करावी? गयाबाईंनी! रविवारी दुपारी म्हातारी ओसरीवर ठाण मांडायची, समोर निवडायचं धान्य. लग्नाच्या पत्रिका घेऊन आलेले पाहुणे असोत की वर्गणीवाले, सगळ्यांना एकच उत्तर, “आराम करायलेत. चारला या.” मी एकदा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन गेले तर मलाही फाटकातनंच परतवलं. “गणित काय पळून जातंय का?” म्हणाल्या. एकदा गयाबाईंची नणंद आली आणि कुजबुजली, “या वयात, या दुखण्यात, शोभतं का गं हे?” गयाबाई म्हणाल्या, “तुला कोन म्हनलं बघ म्हणून? डोळे मीट.”

दुखणं गेलं नाही. थंडीत सरोजबाईंची मनगटं तशीच सुजायची, कधी कधी पंधरा-पंधरा दिवस त्या अंथरुणातून उठायच्या नाहीत. मधे एका गुडघ्याचं पाणी काढावं लागलं, तेव्हापासून हातात काठी आली. कितीतरी रविवारी आत नुसता रेडिओ चालायचा आणि दाजी त्यांचे पाय शेकत बसायचे. तेही त्यांनीच मला सांगितलं. “त्याला बी रविवारच म्हणते मी,” त्या म्हणाल्या. पण बाईंच्या चालण्यात आता काठीबरोबर एक ऐट आली होती. आणि गच्चीवरच्या घोंगड्या गयाबाईंनी धुऊन कायमच्या पेटीत टाकल्या होत्या.

मग माझी बदली झाली. गेवराई तालुक्यात, माझ्या माहेरच्या तलवाड्याजवळ. शाळेत निरोप समारंभ झाला, सरोजबाईंनी भाषणात माझी यथेच्छ टिंगल केली. सामानाचा टेम्पो रविवारी येणार होता. सकाळी येतो म्हणणारा टेम्पोवाला उगवला तीनच्या सुमारास. सामान भरलं. निघण्यापूर्वी बाईंना भेटायचं म्हणून मी टेम्पो त्यांच्या फाटकापाशी थांबवला.

गयाबाई ओसरीवर बसलेल्या. दार बंद.

“चारला ये,” त्या म्हणाल्या.

“आजी, मी चाललेय. टेम्पो उभा हाय. आज तरी.”

म्हातारी विचारात पडली. टेम्पोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली, दारापाशी गेली, पण दाराला हात लावला नाही. तिथूनच ओरडली, “सरोज, ही निघाली गं!”

आतून वर्गात घुमायचा तोच खणखणीत आवाज आला, “निघू दे! सांगा तिला, मी लई मजेत हाय!”

आणि त्या आवाजापाठोपाठ दाजी हसले. मोठ्यानं, पोटभर. इतक्या वर्षांत त्या माणसाचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

गयाबाई माझ्याजवळ आल्या. “ऐकलंस?”

“ऐकलं.”

“मग जा आता,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा दारासमोर जाऊन बसल्या.